पुसता पुसता तपासायचं घर

फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढून मागची धूळ काढत होतो. सॉकेटची खालची कड तपकिरी दिसली, विस्तवाजवळ धरलेल्या कागदाची होते तशी. मेन स्विच बंद करून प्लग काढला. एका पिनेवर काळा डाग होता. इलेक्ट्रिशियनने प्लेट उघडली तेव्हा आतला स्क्रू ढिला निघाला आणि वायरीचं आवरण बोटभर करपलेलं. फ्रिज मात्र व्यवस्थित चालू होता. कुणाला वास आला नव्हता, कुठला दिवा लुकलुकला नव्हता. त्या कोपऱ्यात फडकं गेलं नसतं तर ते करपणं तसंच पुढे सरकत राहिलं असतं.

मी ३१ वर्षं कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम केलं. जपानी कारखान्यांतून आलेली एक गोष्ट तिथे आमच्या अंगी मुरवली गेली: यंत्र पुसणं म्हणजेच यंत्र तपासणं. कामाच्या जागेच्या शिस्तीसाठी त्यांचे पाच शब्द आहेत, त्यातला तिसरा ‘सेइसो’, म्हणजे सफाई. मळक्या यंत्रावर तेलाचे दहा थेंब गळले तरी कळत नाहीत. पुसलेल्या यंत्रावर एक थेंब पडला की लगेच दिसतो, आणि तो कुठून आला हेही कळतं. निवृत्त झाल्यावर घराची सफाई मी स्वतःकडे घेतली ती हीच सवय घेऊन. घरात ८४ वर्षांची आई, आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई आणि दीड वर्षाची नात. आईला जमिनीचं भय आहे, नातीला जमिनीवरच्या प्रत्येक वस्तूचं कुतूहल. त्या दोघींच्या मापाने मी घर पुसतो. पुढे जे लिहितोय ते त्या पुसण्यातून हाती आलेलं आहे.

फडकं फिरवण्याआधी

वरून खाली आणि कोरड्याकडून ओल्याकडे, हा क्रम कधी मोडू नका. आधी जळमटं आणि पंखा, मग कपाटांचे माथे, मग खिडक्यांच्या कडा, शेवटी जमीन. उलट केलंत तर पुसलेली जमीन पुन्हा पुसावी लागते. कोरड्या झाडूने जोरात केर काढला की बारीक धूळ हवेत उठते, बराच वेळ तरंगते आणि परत तिथेच बसते. म्हणून झाडू हलक्या हाताने, आणि टेबल, कपाट, खिडकी यांना ओलसर घट्ट पिळलेलं फडकं. ज्या घरात मूल रांगतं तिथे चपला-बूट दाराशीच थांबले पाहिजेत. रस्त्यावरचं जे तळव्याला लागून येतं ते जमिनीवरून मुलाच्या हाताला आणि हातावरून तोंडात जातं.

फडकी वेगवेगळी ठेवा. आमच्याकडे चार रंग आहेत: ओटा, टेबल-कपाटं, जमीन आणि संडास-बाथरूम. रंग ठरलेले असले की पाहुणा मदतीला आला तरी चूक होत नाही. भांड्यांचा स्पंज मात्र रंगाने वाचत नाही, तो सुकल्याने वाचतो. काम झालं की पिळून उभा ठेवा, पाण्याच्या वाटीत लोळत ठेवू नका. वास यायला लागला की त्याचे दिवस संपले.

जमीन पुसायला दोन बादल्या घ्या, एकीत साबणाचं पाणी आणि दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. एकाच बादलीत काम केलं तर तिसऱ्या खोलीत आपण पहिल्या खोलीचा मळ पसरवत असतो. साबण बेताचा घ्या. जास्त झाला तर त्याचा थर मागे राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि पायही घसरतो.

आणि चढायचं असेल तर शिडीवर चढा. खुर्ची, डबा, पलंगाची कड, पाट, यातलं काहीही शिडी नव्हे. शिडीवर दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम टेकलेले हवेत, आणि हात लांबवण्याऐवजी खाली उतरून शिडी सरकवायची. पंखा पुसताना मी स्विच बंद करून त्यावर चिकटपट्टी लावतो, म्हणजे दुसरं कुणी सवयीने बटण दाबत नाही. पाती पुसून झाली की पंखा हाताने हलवून बघतो. वरच्या हुकाशी खडखड झाली, तर तो तपासून घेतल्याशिवाय पंखा परत चालू होत नाही.

औषधं कमी, वेळ जास्त

घरातली बहुतेक सफाई साबण, पाणी आणि घासण्यानेच होते. साबण मळ आणि त्यातले जंतू पृष्ठभागापासून सोडवतो, पाणी ते वाहून नेतं. जंतुनाशक लागतं ते थोड्याच ठिकाणी: संडास, कुणाला उलटी-जुलाब झाले ती जागा, कच्चं मांस हाताळलेला पाट, आजारी माणसाच्या खोलीतल्या कड्या आणि नळ. रोज सगळ्या घरात तीव्र औषध ओतल्याने घर जास्त निरोगी होत नाही, छातीला मात्र त्रास होतो.

जंतुनाशक वापरताना दोन चुका सगळ्यात जास्त होतात. पहिली म्हणजे घाणीवरच ते ओतणं. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट मळाशीच झगडण्यात खर्ची पडतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी साबणाने धुवा, मग ब्लीच. दुसरी चूक घाईने पुसून टाकण्याची. बाटलीवर जितकी मिनिटं लिहिली आहेत तितकी मिनिटं जागा ओली राहिली पाहिजे. फवारलं आणि लगेच पुसलं, तर फक्त वास उरतो. ब्लीच थंड पाण्यातच मिसळा, त्या दिवसापुरतंच बनवा, आणि मूळ बाटली अंधाऱ्या जागी ठेवा. उजेडात आणि उष्णतेत त्याची ताकद उतरते.

आता ज्या चुकीने मी स्वतः पोळलोय ती सांगतो. संडासातला पिवळट थर जाईना म्हणून आधी आम्लाचा क्लीनर टाकला. पाच मिनिटांनी बघितलं, फारसा फरक नव्हता, म्हणून वरून ब्लीच ओतलं. क्षणात घशात काटे टोचल्यासारखं झालं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, खोकला थांबेना. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. मी दार ओढून बाहेर आलो, घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि गच्चीत जाऊन बसलो. खोकला दोन तास टिकला. कारखान्यात रसायनांच्या खोलीबाहेरची पाटी मी रोज वाचायचो, आणि घरात दोन बाटल्या हातात घेताना मात्र ती आठवली नाही. म्हणून आता आमच्या संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलंय: एका दिवशी एकच बाटली.

ब्लीचमध्ये अमोनिया असलेला काचेचा क्लीनर मिसळला तर क्लोरामाइनचे विषारी वायू होतात. व्हिनेगरही आम्लच आहे, तेही ब्लीचबरोबर नको. असं काही चुकून झालंच तर पुसायला थांबू नका, तोंडावर फडकं बांधून परत आतही जाऊ नका. बाहेर पडा, हवा खेळू द्या, आणि श्वास लागत राहिला तर डॉक्टर गाठा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस आणणं धोक्याचं नाही, पण निरुपयोगी आहे. दोन्ही एकमेकांना निकामी करतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते जवळजवळ खारं पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत: सोड्याने चिकटा घासायचा, व्हिनेगरने नळावरचे पांढरे क्षार सोडवायचे. फक्त संगमरवरावर व्हिनेगर लावू नका, दगडावरची झिलई कायमची जाते.

शेगडीची जागा

ओटा रोज पुसला जातो, म्हणून घरातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी रोज फुकटात होऊ शकते. भांड्यांची बुडं काळी व्हायला लागली आहेत का? ज्योतीचा रंग निळा आहे की पिवळा? पिवळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही. अशा जळण्यातून काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो. बऱ्याचदा कारण साधं असतं, उतू गेलेलं काहीतरी बर्नरच्या भोकांत अडकलेलं. बर्नर थंड झाल्यावर काढा, साबणाच्या पाण्यात भिजवा, भोकं टाचणीने मोकळी करा आणि पूर्ण वाळवून मगच बसवा. तरीही ज्योत पिवळी राहिली तर मेकॅनिक.

नळी नुसती वरून पुसू नका. ती थोडी वाकवून वाकाच्या बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसतात का ते पाहा, विशेषतः शेगडीला आणि रेग्युलेटरला जोडलेल्या टोकांशी, कारण उष्णता आणि ताण तिथेच जास्त. नळीवर छापलेली मुदत वाचा. गळती बघायची असेल तर साबणाचा फेस सांध्यांवर लावा, बुडबुडे फुगले की गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणं म्हणजे स्वतःच स्फोट घडवणं.

सिलिंडरच्या गॅसला मुळात जवळपास वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन घातलेलं असतं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो जमिनीलगत साचतो आणि पलंगाखाली, कोपऱ्यात, खालच्या मोरीत पसरतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. विजेचं चालू असलेलं काही बंद करू नका आणि बंद असलेलं चालू करू नका. स्विचच्या आत उडणारी ठिणगी डोळ्यांना दिसत नाही, पण गॅसला तेवढी पुरते. एक्झॉस्ट पंखासुद्धा लावायचा नाही, आणि फोन घराबाहेर गेल्यावरच करायचा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, उकळत्या तेलात क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल छतापर्यंत उडवते. आच बंद करा, कढईवर घट्ट झाकण सरकवा आणि पूर्ण थंड होईपर्यंत उचलू नका. कढई उचलून बाहेर धावणं तर अजिबातच नको. आमच्या ओट्यावर कढईच्या मापाचं झाकण कायम हाताशी असतं. चिमणीची किंवा एक्झॉस्टची जाळी तुपकट होऊ देऊ नका, ज्योत वर गेली तर तोच चिकटा पेटतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि तासभर भिजवणं एवढ्याने ती सुटते.

फ्रिजबद्दल थोडंच. आत ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी, फ्रीझरमध्ये उणे १८. दाराच्या रबरी पट्टीत कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा. तो सहज निसटला तर पट्टी मळली आहे किंवा सैल झाली आहे. आधी पट्टीच्या चुण्या पुसून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, आणि कच्चं मांस नेहमी सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही.

बाथरूम

आमच्या घरात मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. आई एकदा इथेच घसरली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतरचे तीन महिने ती भिंत धरून चालत होती आणि एकटी आंघोळीला जायला घाबरत होती. पडण्याची भीती बसली की माणूस चालणं कमी करतो, पायांतली ताकद जाते, आणि मग तो खरोखरच पडतो. त्या दिवशी मी जमीन नीट पाहिली तेव्हा कळलं की जी फरशी मी रोज धूत होतो ती स्वच्छ नव्हतीच. साबण, तेल आणि पाण्यातले क्षार मिळून एक पातळ मेणचट थर तयार होतो. कोरडा असताना तो दिसत नाही, पाणी पडलं की बुळबुळतो. नुसतं पाणी ओतून तो जात नाही. आठवड्यातून दोनदा ताठ ब्रशने घासावं लागतं, विशेषतः फरशांच्या सांध्यांत. मग भरपूर पाणी आणि शेवटी वायपर. आंघोळ झाली की जो आत होता त्यानेच वायपर मारायचा, हा घरातला नियम आहे. नात अजून नीट चालत नाही, पण वायपर तिला ढकलायचा असतोच.

आधाराचा दांडा भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला हवा. रबरी चकतीने चिकटवलेले दांडे माणसाचं वजन पेलायला बनलेले नसतात आणि ओल्या भिंतीवरून अचानक सुटतात. टॉवेलचा दांडा हा आधार नव्हे, पण पडणारा माणूस जे हाताला येईल ते धरतो, म्हणून तोही मी भक्कम करून घेतला. दर आठवड्याला दांडे पुसताना अंगाचा थोडा भार देऊन ओढून बघतो. भिंतीशी भुगा पडलेला दिसला तर स्क्रू सैल होतोय. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा असतो आणि त्या वाटेवर एकही सुटी चटई नाही. उंबरठ्याच्या कडेला गडद रंगाची पट्टी चिकटवली आहे, कारण आईला एकाच रंगातला चढ-उतार कळत नाही.

बादली भरून ठेवायची नाही. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, ते बादलीत वाकलं की परत वर येता येत नाही. चार बोटं पाणीसुद्धा पुरतं, आणि बुडताना आवाज होत नाही. काम झालं की बादली रिकामी आणि पालथी. जिथे डासांचा त्रास आहे तिथे हीच सवय दुहेरी उपयोगाची आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे पिंप नुसतं ओतून चालत नाही, आठवड्याला आतून घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा.

गरम पाण्याचं मला विशेष सांगायचंय. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजतं. तेवढंच भाजायला ४९ अंशांच्या पाण्याला बरीच मिनिटं लागतात. मुलांची आणि म्हाताऱ्यांची त्वचा पातळ, त्यांना आणखी कमी वेळ पुरतो. पण साठवणीच्या गीझरचं तापमान अगदी खाली आणणंही बरोबर नाही, कारण कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि ६० अंशांना ते मरतात. आम्ही गीझर ६० वर ठेवतो आणि बादलीत आधी थंड, मग गरम पाणी सोडतो. कोपर बुडवून बघितल्याशिवाय नातीला बसवत नाही. कुणी भाजलंच तर वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा, घड्याळ लावून. सूज यायच्या आत अंगठ्या-बांगड्या काढा. बर्फ, टूथपेस्ट, तूप यातलं काही लावू नका. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, तर डॉक्टरकडे जाच.

गॅसवरचा गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर काढून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. बंद खोलीत तो प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला ना रंग ना वास. डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, आणि माणूस दाराची कडी काढायच्या आत कोसळतो. बाहेर बसवलेला असला तरी झरोका आणि एक्झॉस्टची जाळी महिन्याला साफ करा. धुळीने ती इतकी भरते की पंखा फिरतोय असं वाटतं आणि हवा हलत नाही. जाळीपाशी टिश्यूचा कागद धरा, तो चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय. ज्या घरात काही जळतं त्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, तर आधी सगळ्यांना बाहेर न्या.

भिंती, ओल आणि वीज

भिंतीला पोपडे, कपाटामागे काळे ठिपके, गादीला कुबट वास. ओलं राहिलेलं कापड, पुठ्ठा किंवा भिंत एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते. ठिपके साबणाच्या पाण्याने पुसून काढा, कोरडे घासू नका, नाहीतर बुरशीचे कण खोलीभर उडतात. पण पुसणं हा उपाय नाही. पाणी कुठून येतंय ते शोधलं नाही तर महिन्याभरात ठिपके परत येतात. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, हवा फिरू द्या. ओल स्विचबोर्डाकडे सरकताना दिसली तर तो बोर्ड मेनमधून बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पुसताना प्रत्येक प्लगला हाताच्या पाठीने स्पर्श करून बघा, हात कोरडा हवा. गरम लागला, रंग बदललेला दिसला किंवा जळक्या माशासारखा वास आला, तर वापर बंद. एका एक्स्टेन्शनला दुसरं जोडू नका, आणि हीटर, इस्त्री, वॉशिंग मशीन कधीच एक्स्टेन्शनवर नकोत. वायर चटईखालून नेऊ नका, तिथे ती झिजते आणि कुणाला दिसत नाही.

तुमच्या डीबीमध्ये, म्हणजे जिथून घरभर वीज वाटली जाते त्या पेटीत, आरसीसीबी आहे का ते आजच बघा. अनेकांना वाटतं की एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही. एमसीबी जास्तीच्या प्रवाहापासून तारा वाचवतो. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळतच नाही. तो ओळखून वीज तोडायचं काम ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी करतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. नाही गेली तर उपकरण निकामी आहे. आम्ही दर तीन महिन्यांनी दाबतो आणि त्या दिवशी वहीत तारीख लिहितो. धुराचा अलार्म असेल तर तो महिन्याला एकदा वाजवून बघा, आणि दहा वर्षांनी पूर्ण बदला.

नातीच्या उंचीवरून

आठवड्यातून एकदा मी जमिनीवर पालथा पडतो आणि सोफ्याखाली, टीव्हीमागे, पलंगाखाली टॉर्च मारतो. मूल जे बघतं ते उभ्या माणसाला दिसत नाही. एकदा मला गोल चपटी बटण बॅटरी सापडली. वजनकाट्यातून निसटली होती आणि आठ दिवस कुणालाच पत्ता नव्हता. ती नाण्यासारखी दिसते, पण मुलाच्या अन्ननलिकेत अडकली तर ओलाव्यामुळे तिच्यातून विजेचा प्रवाह सुरू होतो आणि दोन तासांत आतला भाग खोलवर भाजतो. बॅटरी गिळली असल्याची नुसती शंका असली तरी उलटी करवू नका, ‘उद्या पोटातून पडेल’ म्हणून थांबू नका, सरळ एक्स-रे असलेलं हॉस्पिटल गाठा. रिमोट, वजनकाटे, खेळणी यांची बॅटरीची झाकणं स्क्रूची हवीत. ज्यांची नव्हती ती आम्ही पक्क्या चिकटपट्टीने बंद केली.

कपाट आणि खणांचं टेबल भिंतीला एल आकाराच्या पट्टीने आवळा. मूल खण उघडून त्याची शिडी करतं आणि अख्खं कपाट त्याच्या अंगावर येतं. पडद्यांच्या दोऱ्यांचे फास कापून टाका. खिडकीखाली खुर्ची नको.

कपाटातल्या डांबराच्या गोळ्या बंद करा. त्यातल्या नॅप्थालिनने लहान बाळांना, विशेषतः ज्यांना जन्मतः जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असते त्यांना, रक्तपेशी फुटण्याचा आजार उद्भवू शकतो. कपडे पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवले तरी कसर लागत नाही. औषधं, फिनेल, आम्ल उंचावर कुलपात, आणि नेहमी मूळ बाटलीतच. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल किंवा रॉकेल ओतून ठेवणं हा मुलासाठी लावलेला सापळा आहे. तसलं काही पोटात गेलंच तर उलटी करवू नका. वर येताना ते पुन्हा भाजतं, आणि रॉकेल फुप्फुसात उतरतं. बाटली सोबत घेऊन हॉस्पिटलला जा.

वही

मी सगळं घर एका दिवसात कधीच साफ करत नाही. थकलेल्या माणसाची नजर काही टिपत नाही. रोज एक कोपरा, वीस-पंचवीस मिनिटं, आणि वहीत एक ओळ: तारीख, जागा, काय दिसलं. ‘बेसिनखाली सांधा ओला’ असं सलग दोनदा लिहिलं गेलं की प्लंबरला फोन. सूनबाई आता तिच्या अक्षरात लिहिते, तिला कपडे वाळवायच्या मशीनच्या जाळीतला कापूस दर वेळी काढायचं माझ्याहून जास्त लक्षात असतं. तो साठला की मशीन तापतं आणि पेटू शकतं.

वहीत महिन्याच्या पहिल्या तारखेचं एक काम कायम आहे, बाहेर पडायच्या वाटेचं. मुख्य दारापर्यंतची वाट मोकळी आहे का, तिथे स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली नाही ना, किल्ल्या आतल्या हुकावर आहेत का. खिडकीच्या लोखंडी जाळीला उघडणारा एक भाग आम्ही मुद्दाम करून घेतला, कारण बंद जाळी चोराला बाहेर ठेवते तशी आगीत माणसांना आत ठेवते. त्याचं कुलूप मी पुसायचो, तेल घालायचो, उघडून बघायचो. गेल्या वर्षी एकदा सहज आईला म्हटलं, तू उघडून दाखव. तिच्या बोटांत किल्ली फिरेना. दोन वर्षं मी ते कुलूप माझ्या हातांनी तपासत होतो. त्या आठवड्यात ते काढून खटका बसवला, नातीच्या हाताच्या बराच वर आणि आईच्या खांद्याच्या खाली. आता पहिल्या तारखेला तो आईच उघडते, अंधारात, दिवा न लावता, आणि वहीत त्या ओळीपुढे सही तिची असते.